तिसरी आवृत्ती

बाप बशांच्या कडा रंगवायचा,
झालफेल्टच्या कारखान्यात, दिवसाला साठ बशा.
निळी वेल, निळं पान, पुन्हा निळी वेल,
आणि रात्री जेवायला घरी मातीचं ताट.
हे गेबहार्ट लिंडेमुटनं कुणालाच सांगितलं नाही.
एकदाच, ऐंशी उलटल्यावर, दंतवैद्याला,
तोंडात कापूस असताना.
मला दंतवैद्याच्या मुलीनं सांगितलं.

मी त्याच्या सामानाची यादी करते आहे.
नगरपालिकेनं सहा आठवडे दिलेत.
आत्तापर्यंत: खारीच्या केसांचे कुंचले, एकतीस.
न विकलेले डोंगर, चौदा.
एकेक डोंगर दारापेक्षा रुंद,
म्हणजे खोलीतच जन्मले, खोलीतच म्हातारे झाले.
एकाच्या पाठीवर पेन्सिलीनं कोळशाचा हिशेब.

लाइपझिगला शिकायला गेला
तेव्हाही त्याला डोंगरच काढायचे होते.
मास्तर म्हणाले, लिंडेमुट, तुझा हात बारीक आहे,
तू अळंब्या काढ.
एवढंसं वाक्य.
उभा जन्म खाऊन गेलं.

(मधल्या युद्धात त्यानं जबडे काढले,
लष्करी इस्पितळात, शल्यविशारदांसाठी.
ती वही मी उघडून लगेच मिटली.
नग: एक.)

मग औषधवाले ऑलेनडॉर्फ.
दर रविवारी भल्या पहाटे रानातून यायचे,
काखोटीला टोपली, ओल्या नेच्याखाली अळंब्या,
आणि दारातूनच ओरडायचे:
आटप, दुपारपर्यंत हिचा रंग मरतो!
एक लिहायचा, एक काढायचा.
ओटिली दोघांना कॉफी द्यायची
आणि टेबलावरची माती पुसत राहायची.

पहिली आवृत्ती: लेखक ऑलेनडॉर्फ, चित्रे लिंडेमुट.
दुसरी: तेच, पुठ्ठा जरा बरा.
तिसरी, छत्तीस साल:
लेखकाच्या जागी कोरा कागद.
लिंडेमुट हे नाव एक माप मोठ्या टायपात.
मजकूर तोच,
स्वल्पविरामासकट तोच.

प्रकाशकाचं पत्र सापडलं, तीन ओळी.
उत्तराची प्रत सापडली, एक ओळ:
रक्कम मिळाली, आभारी आहे.
त्या रकमेतून ही शेगडी आली,
हिरव्या टाइल्सची, भिंतीएवढी.
पावती जोडलेली आहे.
मी हिलाच टेकून लिहिते आहे,
खोलीत दुसरीकडे कुठं बोटं चालत नाहीत.

ऑलेनडॉर्फच्या दुकानाला त्याच हिवाळ्यात दुसरी पाटी लागली.
पुढचं कुठल्याच कपाटात नाही.

चित्र क्रमांक सतरा:
हिरवट टोपी, पांढरी मान, पायाशी फाटकी पिशवी.
खाली ऑलेनडॉर्फचे शब्द:
चवीला चांगली. पहिल्या दिवशी पोट उलटतं.
दुसऱ्या दिवशी बरं वाटतं,
माणूस उठून बसतो, सूप मागतो.
फसू नका.

नव्या राजवटीत त्यानं शाळेची पुस्तकं सजवली:
कोंबड्या, ट्रॅक्टर, गालावर दोन ठिपके दिलेली मुलं.
एक पदक मिळालं, ते खिळ्यांच्या डब्यात आहे.
अठ्ठावन्न साली कुणीतरी विचारलं,
अळंब्यांचं पुस्तक पुन्हा काढू या?
त्यानं कळवलं, मूळ चित्रं युद्धात जळाली.

जळाली नाहीत.
शहाण्णवच्या शहाण्णव इथं आहेत,
पातळ कागदात, बाळंतविड्यासारखी गुंडाळून.
लाज होती की भीती,
ते रंगावरून कळत नाही.

आणि सतरा क्रमांक एकटा नाही.
तो दर ऑक्टोबरात पुन्हा काढलेला आहे,
तारखेसह, अडतीस वेळा.
शेवटशेवटच्या कागदांत हात थरथरलाय,
मान गेली, पिशवी गेली,
नुसती टोपी उरली आहे, रुंद, हिरवट,
वर थोडं धुकं.

हे मी कुठल्या रकान्यात लिहू?
अळंब्या, की डोंगर?

बाहेर केव्हाच अंधारलं.
मघाशी विझवायला हवी होती
ती शेगडी अजून गरम आहे,
आणि मीही काही उठत नाही.